गाठ नव्हे, खोड बघायचं

लाएमध्ये आम्ही राहतो त्या आवाराच्या फाटकाशी रेन ट्रीचं एक जुनं झाड आहे, मुंबईच्या रस्त्यांवर असतं तेच. पापुआ न्यू गिनीत येऊन दोन महिने झाले होते. पावसाने तीन दिवस घराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा मी अंगणात नुसती मान वर करून त्या झाडाकडे बघत उभी होते. फांदीच्या बेचक्यात सोललेल्या नारळाएवढा तपकिरी गोळा दिसला. वाळवीचं घर असेल म्हणून नजर पुढे जाणार, एवढ्यात लक्षात आलं की गोळ्याच्या डोक्यातून अंगठ्याएवढं जाड खोड निघालंय आणि त्याच्या टोकाला गडद हिरव्या पानांचा झुबका आहे. वाळवीच्या घराला पानं कशी फुटतील? फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो तिथल्या टोक पिसिन भाषेत सहज म्हणाला, "हाउस बिलोंग अनिस." मुंग्यांचं घर.

मी चिपळूणला बावीस वर्षं अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुंग्या आणि झाडं यांचं सहजीवन दर वर्षी शिकवायचे, आणि उदाहरण दर वर्षी बाभळीच्या पोकळ काट्यांचं द्यायचे, कारण पुस्तकात तेच होतं. आमच्या कोकणात आंब्याकाजूवर ओंबील असतात, त्या लाल मुंग्या पानं शिवून स्वतःचं घर बांधतात. इथे उलटं होतं. घर झाडाने बांधलेलं आणि मुंग्या राहायला आलेल्या. माझ्या नवऱ्याची इथली नोकरी तीन वर्षांची होती. या तीन वर्षांत ही झाडं नीट बघायची, ओळखायला शिकायची आणि ती उंच डोंगरात जिथे दाट आहेत तिथे जाऊन बघायची, असं त्या दिवशी अंगणातच ठरलं.

सुरुवात घरापासूनच केली. लाएच्या वनस्पतिउद्यानाच्या आवारात देशाचं राष्ट्रीय हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. पत्र लिहिलं, परवानगी मिळाली आणि एका सकाळी तिथल्या एका बाईंनी माझ्यासमोर वाळवलेले नमुने मांडले. बघून थोडी निराशाच झाली. मुंग्यांच्या झाडाची गाठ, म्हणजे मला दिसला होता तसा फुगीर गोळा, कागदात दाबून वाळवता येत नाही, म्हणून तिच्या चकत्या करून ठेवतात, आणि त्या चकत्या सुकलेल्या सुरणाच्या कापांसारख्या दिसतात. पानं गळून पाकिटात गेलेली, फुलं तर जवळजवळ नाहीतच. पण त्या बाईंनी एक गोष्ट सांगितली ती पुढे सगळीकडे उपयोगी पडली. त्या म्हणाल्या, हे झाड कापून इथे आणलं की त्यातलं निम्मं हरवतं, त्यामुळे नमुन्याइतकीच त्याच्यासोबतची चिठ्ठी मोलाची असते. किती उंचीवर होतं, कोणत्या झाडावर होतं, गाठीचा आकार कसा होता, भोकं कुठे होती, आत कोण राहत होतं. मी नमुने गोळा करणार नव्हते, त्यासाठी वेगळे परवाने लागतात आणि तो माझा हक्कही नव्हे. मला फक्त चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. दोनशे पानी वही घेतली आणि तिच्या पहिल्या पानावर हेच प्रश्न उतरवून काढले.

ही झाडं कॉफीच्या कुळातली, म्हणजे आपल्या कदंबाची, बारतोंडीची आणि गेळ्याचीही भावंडं. पानं समोरासमोर जोडीने येतात, फुलं पांढरी, चार पाकळ्यांची आणि इतकी लहान की भिंगाशिवाय समाधान होत नाही. बी रुजलं की मूळ आणि पहिल्या दोन पानांच्या मधला भाग फुगायला लागतो आणि त्याचीच पुढे गाठ होते. बांडगूळ मात्र नव्हे. बांडगूळ यजमान झाडात मूळ खुपसून रस पितं, हे फक्त सालीला धरून बसतं. मग झाडाच्या शेंड्यावर माती नसताना खायचं काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर त्या गाठीच्या आत आहे.

युरोपियनांपैकी यांचं वर्णन आधी केलं ते रुम्फियसने. सतराव्या शतकात आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहणारा, दृष्टी गेल्यावरही वनस्पतींचं काम न सोडणारा माणूस. त्याची समजूत झाली होती की मुंग्यांच्या वारुळालाच अंकुर फुटतो आणि त्याचं झाड होतं. लाल मुंग्यांचं एक आणि काळ्या मुंग्यांचं एक, असे दोन प्रकारही त्याने केले होते. या समजुतीवर मला कधी हसू आलं नाही. बेचक्यातला तो गोळा बघून माझ्याही मनात आधी वाळवीचंच घर आलं होतं. आज वापरतो ती नावं १८२३ सालची, वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जॅकने दिलेली. मर्मेकोडिया आणि हिडनॉफायटम. पहिल्यात मुंगीचा ग्रीक शब्द आहे, दुसऱ्यात जमिनीखाली वाढणाऱ्या गाठदार बुरशीचा. या दोहोंखेरीज आणखी तीन प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे समूह, याच गटात येतात. त्यातली स्क्वामेलारिया फिजीकडची, मर्मेफायटम सुलावेसी-फिलिपिन्सकडची आणि अँथोरायझा न्यू गिनीच्या आग्नेय टोकाची. मी जाणार होते त्या डोंगरात पहिल्या दोन भेटणार होत्या.

दोघींतला फरक मी वहीत ठळक लिहून ठेवला होता. मर्मेकोडियाच्या गाठीवर काटे. हिडनॉफायटमची गाठ गुळगुळीत. हीच माझी चूक होती, पण ती कळायला डोंगर चढावा लागला.

निघालो ते जूनमध्ये, बुलोलोमार्गे वाउला. लाए समुद्रसपाटीला, बुलोलो खोऱ्यात वर, वाउ साधारण ११०० मीटरवर आणि वाउच्या डोक्यावर कैंडी पर्वत, २३०० मीटरहून थोडा अधिक. मला हाच रस्ता हवा होता, कारण एका दिवसाच्या अंतरात सगळ्या उंचीची जंगलं मिळतात. मारखम नदीचा पूल ओलांडला की सपाटी संपते आणि गाडी घाटात शिरते. बुलोलो हे सोन्याचं गाव होतं. १९३० च्या दशकात सोनं उपसायची अजस्र यंत्रं सुटी करून विमानांनी इथे आणली होती, कारण रस्ताच नव्हता. आता तिथे क्लिंकी पाइनची लागवड दिसते. सरळसोट, उंचच उंच खोडं, टोपी पडेल इतकं वर बघावं लागतं. त्यांच्यावर मला एकही गाठ दिसली नाही. वाटेतल्या जुन्या नैसर्गिक जंगलात मात्र दर पाच-सात झाडांमागे एक दिसायला लागली.

बघायची रीत हळूहळू बसली. आधी नुसत्या डोळ्यांनी झाडाचा आराखडा बघायचा, कुठे फांदीची रेघ जाड होतेय का ते. मग दुर्बीण. दुर्बिणीत दिसलं की वाळवीचं घर, पक्षिघरटं नेचा आणि मुंग्यांचं झाड या तिघांतून काय ते ठरवायचं. वाळवीच्या घरातून खाली खोडावर मातीच्या वाटा उतरलेल्या असतात. नेच्याची पानं टोपलीसारखी चहूबाजूंनी वर उघडतात. हे दोन्ही नसेल आणि गोळ्यातून खोड निघालं असेल तर वही उघडायची. झाड हाताच्या उंचीवर असेल तर एक शेवटची चाचणी राहते, काडीने गाठीवर हलकेच टकटक करायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे.

वाउच्या अलीकडे रस्त्याकडेला एका ठेंगण्या झाडावर हाताच्या उंचीवर गाठ मिळाली. टकटक केलं. तीन मोजेपर्यंत भोकांतून तपकिरी, तांदळाच्या कणीएवढ्या मुंग्या उसळून बाहेर आल्या आणि सगळ्या गाठीवर पसरल्या. काडीवरून माझ्या मनगटावर आल्या त्या चावल्या, पण चिमटा काढल्यासारखं, डंखाची आग नाही. या फिलिड्रिस नावाच्या मुंग्या, त्यांच्या गटाला डंखच नसतो. एक चिरडली गेली तर तिचा उग्र वास बोटाला संध्याकाळपर्यंत राहिला. गाठ गुळगुळीत होती, एकही काटा नाही. मी वहीत लिहिलं, हिडनॉफायटम, मुंग्या भरपूर, आणि पुढे निघाले.

वाउमध्ये ज्यांच्याकडे उतरलो त्यांनीच एका वयस्क गृहस्थांची गाठ घालून दिली. सगळे त्यांना पापा म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला मामा म्हणत, तिकडे मामा म्हणजे आई. इथली बहुतेक सगळी जमीन भावकीच्या मालकीची. जंगल दिसलं म्हणून कुणी शिरत नाही. आधी त्या जागेचा माणूस शोधायचा, कशाला जायचंय ते सांगायचं, द्यायचे ते पैसे द्यायचे आणि तो सोबत येईल तरच जायचं. मुंग्यांची घरं बघायला इतक्या लांबून आलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. पण त्यांनी एकदाही 'कशाला' असं विचारलं नाही. फक्त म्हणाले, उद्या माझ्या नव्या शेतावर चला, तिथे खाली पडलेली आहेत.

त्यांचं नवं शेत म्हणजे उतारावरचा जंगलाचा तुकडा, झाडं पाडून काउकाउसाठी, म्हणजे रताळ्यासाठी, मोकळा केलेला. कडेला कॉफीची झुडपं आणि सुरूसारखी यार नावाची झाडं. पाडलेल्या एका झाडाच्या शेंड्यात पाच गाठी होत्या, त्यातल्या तीन लहान कलिंगडाएवढ्या. झाड पडून दोनच दिवस झाले होते, सगळं अजून जिवंत होतं. जी झाडं मी महिनाभर दुर्बिणीतून बघत होते ती आता माझ्या गुडघ्याशी होती.

मी आधी खोडं बघायला बसले, आणि तिथेच माझी वही चुकली. पाचातल्या दोन गाठी काटेरी होत्या. तिसरी अगदी गुळगुळीत, रस्त्याकडेला पाहिली होती तशीच. पण तिघींची खोडं सारखी होती. एकच खोड, जाड, फांद्या न फुटलेलं, आणि त्यावर जिथे जिथे पूर्वी पान होतं तिथे तिथे एकेक ढाल. खरोखर ढालीसारखा मांसल उंचवटा, एकावर एक रचलेला, माशाच्या खवल्यांसारखा. ढालींच्या मधल्या फटीत खळगे होते आणि खळग्यात तपकिरी केसांच्या कापसात दडलेल्या कळ्या. भिंग लावलं तर एका खळग्यातून पांढरं फूल अर्धं बाहेर आलेलं. हे सगळं मर्मेकोडियाचं लक्षण. म्हणजे काटे नसलेली मर्मेकोडियाही असते. उरलेल्या दोन गाठींची गोष्ट निराळी होती. त्यांच्या डोक्यातून चार-पाच बारीक खोडं निघाली होती, पुन्हा पुन्हा फांद्या फुटलेली, ढाल नाही, खळगा नाही, फुलं पानांच्या बगलेत उघड्यावर. हे खरं हिडनॉफायटम. पिकलेली नारिंगी फळं दोन्हींना होती. बोटाने दाबून बघितली. हिडनॉफायटमच्या फळात चिकट गरात दोन बिया, मर्मेकोडियाच्या फळात चार.

गाठ डोळ्यात भरते म्हणून आपण तिच्यावरून नाव ठेवतो. पण गाठीचा आकार जागेप्रमाणे, उन्हाप्रमाणे, वयाप्रमाणे बदलतो आणि काटे असतात-नसतात. नाव सांगतं ते खोड. मी वहीतलं पहिलं पान काढलं आणि ठळक लिहिलेली ती ओळ खोडली. त्या दिवशी माझ्या आधीच्या चौदा नोंदींपैकी सहा संशयास्पद ठरल्या, कारण त्यांत मी खोडाबद्दल काही लिहिलंच नव्हतं. त्या सहाही नोंदींपुढे प्रश्नचिन्ह घातलं, नाव पुसून टाकलं. शिकवताना मुलांना सांगायचे की निरीक्षण आधी आणि नाव नंतर. इथे मी स्वतः नाव आधी ठरवून निरीक्षण त्यात बसवलं होतं.

पापांनी मग विचारलं, आतून बघायचंय का? ती गाठ आता जगणार नव्हतीच. मी हो म्हटलं. त्यांनी कोयत्याच्या एका घावात तिचे दोन भाग केले.

मुंग्यांचा लोंढा ओसरायला पाच मिनिटं लागली. मग दिसलं ते मी विसरणार नाही. बटाट्यासारखा पांढुरका, पाणीदार गर, हवा लागताच कडेने तांबूस व्हायला लागलेला, आणि त्यात बोगदेच बोगदे. काही अंगठा जाईल एवढे, काही पेन्सिलीएवढे. नीट बघितल्यावर भिंती दोन तऱ्हेच्या आहेत हे कळलं. एका तऱ्हेच्या खोल्यांची भिंत फिकट तपकिरी आणि गुळगुळीत, कागद लावल्यासारखी कोरडी. तिथे मुंग्यांची पांढरी अळ्या-अंडी ढिगाने ठेवलेली होती आणि मुंग्या ती तोंडात धरून पळत होत्या. पापा वाकून म्हणाले, "पिकिनिनी बिलोंग ओल," त्यांची पोरं. दुसऱ्या तऱ्हेच्या खोल्या काळपट, ओलसर, आणि भिंतीभर मोहरीएवढ्या पांढुरक्या चामखिळी. या खोल्यांत पोरं एकही नाही. तिथे होता तो कचरा, म्हणजे कीटकांचे पाय, पंख, डोकी आणि काळा चिखल. घरात राहायच्या खोल्या वेगळ्या आणि उकिरडा वेगळा, इतकं स्पष्ट.

पण तो उकिरडा म्हणजेच झाडाचं स्वयंपाकघर. कॅमिला हक्सली यांनी पापुआ न्यू गिनीत या झाडांवर काम करून १९७८ साली सविस्तर शोधनिबंध छापला. किरणोत्सारी खुणा घातलेली द्रव्यं वापरून त्यांनी दाखवलं की चामखिळींची भिंत ती शोषून घेते, गुळगुळीत भिंत तितकी घेत नाही. मुंग्या कचरा नेमका चामखिळींच्या खोल्यांतच टाकतात आणि झाड त्यातून नत्र, स्फुरद वगैरे ओढून घेतं. शेंड्यावर माती नाही, तर मुंग्या माती आणून देतात म्हणायचं. मी भिंग चामखिळीला लावून बराच वेळ बघत बसले. प्रत्येक चामखीळ म्हणजे आखडून भिंतीत राहिलेलं एकेक मूळच वाटत होतं.

पापांनी विचारलं, तुमच्याकडे अशी झाडं आहेत का? मी म्हटलं, अगदी अशी नाहीत. पण आमच्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या घाटांत, कर्नाटक-केरळात, हंबोल्टिया नावाचं झाड आहे. त्याच्या फांद्यांची काही कांडी फुगीर आणि पोकळ असतात आणि त्यांना आपोआप फट पडते. सगळ्या झाडांना अशी कांडी नसतात, काहींनाच असतात. आत मुंग्या राहतात आणि गांडूळही राहतं. झाडावर गांडूळ! त्यावर पापा मान हलवत राहिले, त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. मी स्वतः ते झाड अजून पाहिलेलं नाही. आयुष्यभर घाटाच्या पायथ्याशी राहून हे व्हावं याची मला तिथे त्या उतारावर फार रुखरुख लागली.

तिसऱ्या दिवशी पहाटे कैंडीला निघालो. रस्ता पूर्वीच्या सोन्याच्या खाणींकडे जाणारा, चिखलाचा, आणि ढग दुपारी उतरतात म्हणून लवकर निघणं भाग. दर दोनशे मीटर चढल्यावर थांबून त्या टप्प्यात दिसतील तेवढ्या गाठी नोंदवायच्या असं ठरवलं होतं. पहिल्या टप्प्यांत काही वेगळं नव्हतं, टकटक केलं की मुंग्या. १८०० मीटरच्या वर टकटकीनंतर दहा आकडे मोजूनही कधी कधी दोन-चारच मुंग्या येऊ लागल्या, सावकाश, थंडीने आखडलेल्या. पुढच्या टप्प्यात सातपैकी तीन गाठींतून कुणीच आलं नाही. पापा माझ्याआधीच काडी लावत आणि सांगत, "अनिस इ नोगट." मुंग्या नाहीत. कारण विचारलं तर त्यांनी स्वतःचे दंड चोळून दाखवले, "कोल तुमास." फार थंडी.

शिखराजवळचं जंगल शेवाळाचं आहे. फांदी दिसत नाही, नुसतं ओलं हिरवं गोधडीसारखं काहीतरी असतं, आणि त्यातून ऑर्किड, नेचे आणि बुटकी झुडपं निघालेली. हात टेकला की पाणी पिळून निघतं. इथे गाठी ओळखायला डोळ्यांना पुन्हा सवय करावी लागली, कारण शेवाळ त्यांच्यावरही चढलेलं. आणि इथे त्या खाली होत्या, म्हणजे खोडावर कमरेच्या उंचीला. कड्याजवळच्या उघड्या जागी तर वाकून बघाव्या लागतील इतक्या ठेंगण्या झुडपांवर. झाडाच्या शेंड्यावर चढणारं हे झाड उंच डोंगरावर आलं की खाली उतरतं. न्यू गिनीच्या याहून उंच पठारांवर काही जाती सरळ जमिनीवरच वाढतात. शेवाळच माती झाल्यावर वर चढायची गरज काय?

एका वाकड्या खोडावर हिडनॉफायटमची मोठी गाठ होती. आता नाव लिहिण्याआधी मी खोडं मोजली, सहा, बारीक, फांद्या फुटलेली, ढाल नाही. मग भोकं बघितली. डोंगराच्या खालच्या टप्प्यांत गाठींना सुईच्या छिद्रांपासून बोटाएवढ्यापर्यंत पुष्कळ भोकं असत. हिला मोठी दोन-तीनच, आणि खालच्या भोकातून पाणी ठिबकत होतं. टकटक केलं, दहा मोजले, वीस मोजले. कुणी आलं नाही. टॉर्च लावला. आत एकच मोठी पोकळी, तळाशी पाणी, आणि पाण्याच्या वरच्या कडेला भिंतीला चिकटून अंगठ्याच्या नखाएवढा तपकिरी बेडूक, डोळ्यांत टॉर्चचा उजेड चमकलेला.

"रॉकरॉक," पापा कुजबुजले. बेडूक.

आम्ही दोघं आळीपाळीने किती वेळ त्या भोकाला डोळा लावत होतो ते आता सांगता येणार नाही. तो हलला नाही. फक्त गळ्याची कातडी वरखाली होत होती. न्यू गिनीच्या डोंगरांत असे लहान बेडूक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो, मधे डबक्यातला शेपटीवाला टप्पा नाही. त्यांना ओली, अंधारी, सुरक्षित खोली मिळाली की पुरते. उंचावरच्या या गाठींत बेडूक, सापसुरळ्या, झुरळं राहताना अभ्यासकांनी पाहिली आहेत. मुंग्यांसाठी बांधलेलं घर रिकामं राहिलं म्हणून पडून राहत नाही. आणि झाडही मुंग्यांवाचून मेलेलं नव्हतं, त्याच्या फांद्यांना ताजी पानं होती.

जात ओळखता आली नाही. फुलं नव्हती, फळं नव्हती, आणि त्या दोन्हींशिवाय प्रजातीच्या पुढे जाणं म्हणजे पुन्हा तीच चूक. वहीत लिहिलं, हिडनॉफायटम, खोडावर एक मीटर उंचीला, यजमान झाडाचं खोड शेवाळाने पूर्ण झाकलेलं, भोकं मोठी तीन, आत पाणी, बेडूक एक, मुंग्या नाहीत. ढग उतरायला लागले तसे आम्ही परत फिरलो.

लाएला परतल्यावर हर्बेरियमच्या बाईंना फोटो आणि वही दाखवली. त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो माझ्या प्रश्नचिन्हांवर. खोडांच्या फोटोंवरून सहापैकी दोन नोंदी त्यांनी सोडवून दिल्या, दोन्ही मर्मेकोडिया. चार तशाच आहेत, आणि पुढच्या खेपेला त्याच झाडांपाशी थांबायचं ठरवलं आहे. इंडोनेशियाकडच्या पापुआत हीच झाडं औषध म्हणून कापून, चकत्या वाळवून विकली जातात, 'सारांग सेमुत' नावाने, असं त्या सांगत होत्या. भारतातूनही कुणी कुणी मला ते आणशील का म्हणून विचारतं. मी आणत नाही. वीतभर गाठीला किती वर्षं लागतात आणि आत किती जीव असतात ते पाहिल्यावर हात होत नाही.

फाटकाजवळच्या रेन ट्रीच्या एका खालच्या फांदीवर, खुर्चीवर उभं राहिलं की दिसेल अशा उंचीवर, मागच्या डिसेंबरात मला एक चिकट ठिपका दिसला. लाल डोक्याचा इवला फुलटोच्या पक्षी तिथे रोज येऊन बसतो, त्याची विष्ठा, आणि तिच्यात दोन बिया. एक वाळून गेली. दुसरी रुजली. फेब्रुवारीत दोन पानं आणि त्यांच्या खाली ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा. एप्रिलमध्ये वाटाण्याएवढा. मेल्किओर ट्रॉइब या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८३ साली जावात रोपं वाढवून दाखवलं होतं की मुंगी आली नाही तरी आतली पोकळी तयार होतेच. आतल्या पेशींचा एक थर मरून वाळतो आणि जागा रिकामी होते. रुम्फियसच्या समजुतीला ते उत्तर होतं. मी ते वाचलं होतं, पण मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून दर रविवारी सकाळी खुर्ची बाहेर काढत होते. या रविवारी फुगवट्याच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं. भिंगाने बघितलं, कडा स्वच्छ, कुणी कुरतडल्याची खूण नाही. गवताची काडी हलकेच लावली आणि दहा आकडे मोजले. कुणी आलं नाही. तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, खोड एक, अजून ढाल नाही, नाव नंतर.